दुर्मीळपणा हा सूर नव्हे

एखादी वस्तू थोड्याच लोकांकडे आहे, एवढ्यावरून ती चांगली ठरत नाही. वाक्य इतकं साधं आहे की ते लिहावं लागतं याचंच नवल वाटावं. पण वाद्यांच्या बाजारात, त्यातही इलेक्ट्रिक बेस गिटारच्या बाजारात, ते कुणीतरी मोठ्याने म्हणायची वेळ आली आहे. 'रेअर पीस आहे' हे तीन शब्द उच्चारले की विकणाऱ्याचं काम संपतं आणि घेणाऱ्याची अक्कल गहाण पडते. मग तारेचा ताण कुणी विचारत नाही, वाद्याची मान सरळ आहे का ते कुणी बघत नाही, बाराव्या फ्रेटवर सूर लागतो का ते कुणी ऐकत नाही. माझं भांडण या तीन शब्दांशी आहे, आणि ते ऐकून लगेच भारावणाऱ्या आपल्या सगळ्यांशी आहे.

मी बंगळूरला बनशंकरीत राहतो आणि एका हौशी वाद्यवृंदात बेस वाजवतो. वृंद म्हणजे फार काही नाही: तबला-ढोलक, कीबोर्ड, एक साधी गिटार, एक गायक, एक गायिका आणि मी. गणेशोत्सवात मराठी गाणी, नोव्हेंबरात राज्योत्सवाला कन्नड भावगीतं, मध्ये कुणाच्या साठीशांतीला जुनी हिंदी. अशा वृंदात बेसवाल्याकडे कुणी बघत नाही; तो थांबला की मात्र काहीतरी कमी झाल्यासारखं सगळ्यांना वाटतं. सध्या माझ्यासमोर एक वाद्य आहे. वापरलेलं, आणि माझ्या घरापासून पायी दहा मिनिटांवर, सेकंड स्टेजमधल्या एका गृहस्थांकडे विकायला असलेलं. मॉडेलचं नाव बेस सिक्स. मूळ फेंडर कंपनीचं. हा नग त्याच कंपनीच्या 'स्क्वायर' या स्वस्त नावाखाली निघालेला. ते घ्यावं की नाही हा माझा खासगी प्रश्न आहे. पण त्याचं उत्तर शोधताना जे सल्ले मिळाले ते खासगी नाहीत, ते एका सार्वजनिक सवयीचे नमुने आहेत. म्हणून हा लेख.

आधी वाद्य समजून घेऊ. नेहमीच्या बेस गिटारला चार तारा असतात आणि नटपासून ब्रिजपर्यंत तारेची कंपणारी लांबी, म्हणजे स्केल, 34 इंच असते. लिओ फेंडर यांनी 1951 साली प्रिसिजन बेस बाजारात आणला, तेव्हापासून हे माप रूढ झालं. बेस सिक्स 1961 साली आला. त्याला सहा तारा, स्केल 30 इंच, सूर गिटारचेच पण एक सप्तक खाली. तारा एकमेकींच्या जवळ, गिटारसारख्या. तीन पिकअप, प्रत्येकाला वेगळा स्विच, 1963 पासून खर्ज कापणारा आणखी एक स्विच, शिवाय सूर हलवणारा दांडा. 1975 साली तो बंद झाला. पुढे अधूनमधून कंपनीने पुन्हा काढला. बंगळूरच्या दुकानांत प्रिसिजन आणि जॅझ बेसच्या धाटणीची वाद्यं भिंतभर टांगलेली असतात. बेस सिक्स या शहरात मी प्रत्यक्ष पाहिला तो हा एकच. तेव्हा तो दुर्मीळ आहे याबद्दल वाद नाही. वाद पुढच्या पायरीवर आहे.

एखादं वाद्य दुर्मीळ असण्याची कारणं माझ्या मते तीन. एक: ज्या कामासाठी ते बनवलं ते त्याला नीट जमलं नाही. दोन: जमलं, पण ते काम तेव्हा फारसं कुणाला नको होतं. तीन: जमलं, लोकांना हवंही होतं, पण किंमत, वितरण, फॅशन असल्या बाहेरच्या गोष्टी आडव्या आल्या. 'रेअर पीस' म्हणणारा माणूस ही तिन्ही कारणं एकाच टोपलीत टाकतो. पहिल्या कारणाने दुर्मीळ झालेलं वाद्य हे नापास झालेलं वाद्य आहे. साठ वर्षं थांबल्याने ते पास होत नाही. तिसऱ्या कारणाचं वाद्य हाती लागलं तर आपलं नशीब. आणि दुसऱ्या कारणाचं वाद्य घेताना एकच प्रश्न विचारायचा असतो: ते काम आज मला हवं आहे का?

फेंडरच्याच बेस फाइव्हचं उदाहरण घ्या. 1965 साली आलेल्या या वाद्याला जी पाचवी तार दिली ती उंच सुराची. कल्पना अशी की वादकाला वरचे सूर हवे असतील तर हात मानेवरून दूर सरकवायला नको, शेजारच्या तारेवरच ते मिळावेत. म्हणून फ्रेटही पंधराच ठेवले. तर्कात खोट नव्हती. पण बहुतेक बेसवाल्यांना वर जायचंच नव्हतं. 1970 मध्ये मॉडेल संपलं. पुढे ओढ लागली ती आणखी खालच्या सुराची. अँथनी जॅक्सन यांच्यासाठी कार्ल थॉम्पसन यांनी 1975 साली सहा तारांचा बेस बनवला तेव्हा खालच्या अंगालाही एक तार वाढवली, आणि आज दुकानात पाच तारांचा बेस मागितला तर पाचवी तार सहसा खालचीच असते. बेस फाइव्ह मात्र संग्राहकांच्या भिंतीवर मानाने टांगलेला असतो. मान मिळतो तो त्याच्या सुराला नव्हे, तो थोडा खपला याला.

याचा अर्थ मी रूढ वाद्यांचा वकील आहे असा नाही. पॉल मॅकार्टनी यांनी 1961 साली हॅम्बुर्गमध्ये हॉफनर कंपनीचा व्हायोलिनच्या आकाराचा बेस घेतला. कारणं त्यांनीच सांगितली आहेत: स्वस्त होता, आणि दोन्ही बाजूंनी सारखा असल्यामुळे डावखुऱ्याने उलटा धरला तरी विचित्र दिसत नव्हता. पुढे तो आकार जगभर विकला गेला, आणि घेणारे बहुतेक उजव्या हाताचे होते! तोच बेस 1972 साली चोरीला गेला आणि सापडल्याचं 2024 साली जाहीर झालं, तेव्हा मोठी बातमी झाली. त्यांचं वाद्य त्यांना परत मिळालं याचा आनंद मलाही झाला. पण त्यांचं खरेदीचं कारण माझं कारण होत नाही. प्रसिद्ध माणसाचं वाद्य घेणं काय किंवा दुर्मीळ वाद्य घेणं काय, दोन्हींत गोष्ट एकच घडते: गरज दुसऱ्याची आणि पैसे आपले.

बेस सिक्सबद्दलही मला नावांची माळ ऐकवण्यात आली. बीटल्सच्या जानेवारी 1969 मधल्या ध्वनिमुद्रणांत मॅकार्टनी पियानोवर बसले की लेनन किंवा हॅरिसन हे वाद्य हाती घेत. खरं आहे. पण त्यातून निघतं काय? एवढंच, की गिटार वाजवणाऱ्याला एखाद्या गाण्यापुरता खर्ज सांभाळायचा असेल तर हे वाद्य सोयीचं, कारण त्याच्या बोटांना ते ओळखीचं असतं. अमेरिकेत नॅशव्हिलच्या स्टुडिओंत सहा तारांच्या बेसचा आणखी एक उपयोग होत असे. उभा डबल बेस मूळ खर्ज द्यायचा, आणि त्याच सुरावलीवर सहा तारांचा बेस तारा दाबून धरत पिकने टकटकीत वाजवायचा. त्या आवाजाला 'टिक-टॅक' म्हणत. म्हणजे तिथे हे वाद्य खर्जाच्या जोडीला होतं, खर्जाच्या जागी नव्हतं. माळ ओवणारे हे सांगत नाहीत. कुणी वाजवलं ते सांगतात, कशासाठी वाजवलं ते गाळतात.

माझं काम निराळं आहे. आमच्या गायिकेची पट्टी काळी चार. त्या पट्टीतला खालचा षड्ज बेसवर सर्वांत जाड तारेच्या चौथ्या फ्रेटवर येतो, साधारण 52 हर्ट्झ. गाण्यात मी सर्वांत जास्त वेळा परततो तो तिथेच. म्हणजे माझ्यापुरता या वाद्याचा निकाल तीन पिकअपवर, रंगावर किंवा जन्मसालावर लागायचा नाही. तो एका तारेच्या एका घरावर लागायचा. आणि नेमकी तीच तार ही या वाद्याची दुखरी जागा आहे.

हे मत नाही, हिशेब आहे. तीच तार, तोच सूर, पण लांबी 34 ऐवजी 30 इंच केली तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो, म्हणजे 22 टक्क्यांनी. त्यातून या वाद्याच्या मूळ संचातली सर्वांत जाड तार 0.084 इंचाची; नेहमीच्या बेसवर ती 0.100 किंवा 0.105 इंचाची असते. बारीक तार हलकी, आणि हलकी तार त्याच सुराला आणखी सैल. दोन्ही मिळून ताण ढोबळमानाने निम्म्यावर येतो. सैल तारेचे अवगुण दोन. जोरात छेडली की सूर आधी चढतो आणि मग उतरून जागेवर येतो. आणि डाव्या हाताचं बोट जरा जास्त दाबलं गेलं तरी सूर चढतो. चौथ्या फ्रेटवर हे दोन्ही मला स्पष्ट ऐकू आलं. मंचावर षड्ज असा चढला तर आमची गायिका पहिल्याच ओळीला माझ्याकडे वळून बघेल, आणि तिचं बरोबर असेल.

उपाय नाही असं नाही. 0.095 इंचाची जाड तार असलेले संच मिळतात. पण तार जाड केली की नटची खाच कानशीने रुंद करावी लागते आणि ब्रिजवरचं त्या तारेचं सॅडल मागे सरकवावं लागतं. ते पुरेसं मागे जात नाही, ही या मॉडेलबद्दलची जुनी तक्रार आहे. तपासायची रीत कुणालाही जमेल अशी: बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून हार्मोनिक काढायचा, मग तिथेच तार दाबून सूर काढायचा. दोन्ही एक आले तर ठीक. दाबलेला सूर चढा आला तर तारेची लांबी कमी पडते आहे, सॅडल मागे हवं. मी तपासलं. पाच तारा जुळल्या. सहावी, जाड, थोडी चढीच राहिली, आणि तिचं सॅडल मागच्या टोकाला जाऊन टेकलेलं होतं. विकणारे गृहस्थ सज्जन आहेत, त्यांनी मला तासभर वाजवू दिलं. पण हे दाखवल्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं, "रेअर पीस सार. अदु हागेने." ते तसंच असतं! सूर न लागणं हासुद्धा दुर्मीळपणाचा दागिना ठरला.

आता दुसऱ्या टोळीकडे वळू. हे लोक म्हणतात, 'सूर हातात असतो, वाद्यात नाही. चांगला वादक कशावरही वाजवेल.' ऐकायला हे नम्र वाटतं, प्रत्यक्षात हा आळस आहे. हात महत्त्वाचे हे कोण नाकारतो? पण ज्या तारेवर हात पडतो तिचा ताण हातात नसतो. तारांमधलं अंतर हातात नसतं. उजव्या हाताच्या दोन बोटांनी आळीपाळीने छेडायची सवय असलेल्याला इतक्या जवळच्या तारांमध्ये बोट घालायला जागा मिळत नाही. तो शेजारची तार छेडतो नाहीतर पिक हाती घेतो. पिक घेतलं की आवाज बदलला, आवाज बदलला की तालवाद्याशी नातं बदललं. 'वाद्य कुठलंही चालतं' म्हणणारे मी आजवर जितके पाहिले त्यांतल्या बहुतेकांच्या गळ्यात उत्तम वाद्य अडकवलेलं होतं.

तालवाद्याचा उल्लेख मुद्दाम केला. या वाद्याची परीक्षणं लिहिणारे बेस ऐकतात तो ड्रमसेटबरोबर. आमच्याकडे डग्गा आहे. तो घुमतो, तळहाताच्या दाबाने सूर खालीवर करतो. त्याच्याखाली बेसने स्थिर राहायचं असतं. ज्या वाद्याची जाड तार स्वतःच चढउतार करते ते डग्ग्याशेजारी बसवलं की दोघांचा मिळून चिखल होतो. उलट याच वाद्याच्या वरच्या चार तारा डग्ग्याच्या वर राहून स्वच्छ बोलतात. कन्नड भावगीताच्या अंतऱ्यात, टिक-टॅक ढंगाने, ते सुरेख वाजेल याबद्दल मला शंका नाही. हा गुण मी मोकळेपणाने मान्य करतो. पण तो ऐकून कळला. दुर्मीळ आहे म्हणून कळला नाही.

मग सांगतात, 'फोनवर ऐकून बघ की.' बेसच्या मोकळ्या जाड तारेचा सूर म्हणजे पांढरी तीन, 41 हर्ट्झ. फोनचा इवलासा स्पीकर हा सूर काढूच शकत नाही. ऐकू येतात ते त्याचे वरचे उपस्वर, आणि मूळ सूर आपला मेंदू भरून काढतो. कानाची ही करामत विलक्षण आहे, पण खरेदीच्या वेळी ती घातक आहे. जी गोष्ट तपासायची तीच आपण कल्पनेने पुरवत असतो. सरावाच्या छोट्या अ‍ॅम्पवरही थोड्याफार फरकाने हेच होतं. शहरातल्या एका दुकानाने तर मला सांगितलं की नवा बेस सिक्स मागवून देऊ, पण पूर्ण पैसे आधी, आणि आल्यावर पसंत पडला नाही तरी परत घेणार नाही. साडी घेताना आपण पदर उलगडून उजेडात नेऊन बघतो. तांदूळ घेताना मूठभर हातात घेऊन वास घेतो. फक्त ज्या वस्तूचा धर्मच आवाज आहे ती न ऐकता घ्यायची?

ही रीत आपली नव्हे हे सांगायला फार लांब जायला नको. बंगळूरहून हुबळी-बेळगावमार्गे पुण्याला जाणारी गाडी मिरजेवरून जाते. मिरजेत शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या कारागिरांनी, एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यं घडवायला घेतली. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यांतलं आद्य नाव. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोरा घडवणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो: कुणासाठी? पुरुषाच्या गळ्याला की बाईच्या? पट्टी कोणती? वाद्याचा आकार आणि तारा त्यावरून ठरतात. मग घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवत जवारी लावायची, आणि कान देऊन ऐकत राहायचं. तिथे वाद्य थोर आहे की नाही ही चर्चा नसते. या गळ्याला, या पट्टीला ते जुळतं की नाही, एवढंच बघतात. आमच्या दुकानात मात्र पहिला प्रश्न 'बजेट किती?' आणि दुसरा 'ब्रँड कुठला?' पट्टी मला आजवर एकाही गिटारविक्रेत्याने विचारलेली नाही. आणि मानांकन तरी काय सांगतं? वस्तू कुठली आहे, हे. समोरच्या तंबोऱ्याची जवारी लागली आहे का, हे कानालाच ठरवावं लागतं.

'पण किंमत वाढते ना,' हा शेवटचा हुकमी पत्ता. वाढेलही. मग ते वाद्य राहिलं नाही, ठेव झाली. ठेवीचा नियम असा की तिला हात लावायचा नाही. वाजवलं की फ्रेट झिजतात, पाठीवर ओरखडे येतात, भाव उतरतो. म्हणजे ज्या बाजारात दुर्मीळपणाला भाव आहे तिथे वाजवणं हा तोटा ठरतो. यापेक्षा उलटा न्याय वाद्याला कुठला मिळणार? आणि इथे तर तेही खरं नाही. हा स्वस्त मालिकेतला नग आहे. कंपनीने उद्या तेच मॉडेल मोठ्या संख्येने काढायचं ठरवलं तर हा दुर्मीळपणा एका जहाजात संपेल. सूर मात्र होता तसाच राहील, चौथ्या फ्रेटवर थोडा चढा.

माझ्या एका स्नेह्याने यावर आमच्या भागातलाच दाखला दिला. बनशंकरीच्या देवळात राहुकाळाला, म्हणजे बाकी शहर शुभकार्य टाळतं त्या वेळेला, गर्दी उसळते. लिंबाची अर्धी साल उलटी करून तिच्यात दिवा लावतात. बदामीची बनशंकरी कितीतरी मराठी घरांची कुलदेवी, त्यामुळे महाराष्ट्रातून पाहुणे आले की त्यांना इथल्या देवळातही नेणं ओघाने येतं. स्नेही म्हणाले, "बघा, सगळे टाळतात तेच इथे पुजतात. वेगळेपणालाही अर्थ असतो." असतोच. पण त्या रांगेत उभ्या असलेल्या बायका वेळ जगावेगळी आहे म्हणून आलेल्या नसतात. कुणाच्या मुलीचं लग्न जुळत नसतं, कुणाचं कोर्टातलं काम अडलेलं असतं, कुणाच्या घरी दुखणं असतं. गरज आधी, वेळ नंतर. वेगळ्या वाद्याकडे जाणाऱ्यानेही असंच गरज घेऊन जावं. नुसता वेगळेपणा बघायला जाणारा प्रवासी असतो, भक्त नव्हे.

हे सगळं खपून जातं याला कारण आपला कान आहे. खर्जाकडे आपलं लक्ष नसतं. राहुल देव बर्मन यांची गाणी तोंडपाठ असणाऱ्या किती जणांना टोनी वाझ हे नाव माहीत आहे? बर्मन यांच्या वाद्यवृंदात बेस गिटार वाजवणारे ते. गायक उतरला तर सभागृह कुजबुजतं. बेस चढला तर लोकांना नुसतं अस्वस्थ वाटतं, आणि दोष साउंडवाल्याच्या माथी जातो. ज्याची तपासणी दुसरं कुणी करत नाही, त्याने स्वतःची दुप्पट करायला हवी.

बहुभाषिक नियतकालिकात लिहितो आहे म्हणून एक पाऊल पुढे टाकतो. महाराष्ट्राबाहेर मराठी लिहिणारे आपण लोकही हाच 'रेअर पीस'चा धंदा करतो. 'बंगळुरात राहून मराठीत लिहितात' हे कौतुक पुस्तक उघडायच्या आधीच सुरू होतं आणि पुस्तक न उघडताच संपतं. सत्काराला शाल मिळते, वाचक मिळत नाही. थोड्यांच्या भाषेत लिहिणं हा गुन्हा नाही, पण तो गुणही नाही. शेजारच्या पानावर कन्नड कविता आहे, पलीकडे तमिळ कथा आहे. मराठी मजकुराने त्यांच्या शेजारी बसून आपला सूर लावून दाखवावा, सूट मागू नये. दुर्मीळ म्हणून ज्याचं कौतुक होतं त्याचं परीक्षण होत नाही, आणि ज्याचं परीक्षण होत नाही ते सुधारतही नाही. हे वाद्याला लागू आहे तसंच लिहिण्याला.

तेव्हा माझं म्हणणं थोडक्यात. घेणाऱ्याने घरून निघण्याआधी चार ओळी कागदावर लिहाव्यात: माझी पट्टी कोणती, सोबत तालवाद्य कोणतं, अ‍ॅम्प कोणता, आणि या वाद्याने माझं कोणतं काम करायचं आहे. ज्याला चौथी ओळ लिहिता येत नाही त्याने खुशाल घरी बसावं. विकणाऱ्याने, मग तो दुकानदार असो की खासगी गृहस्थ, तासभर वेळ, पुरेसा मोठा अ‍ॅम्प आणि सोबत एखादा तबला-ढोलकवाला आणायची मुभा द्यावी. यात उपकार नाही. आवाज विकणाऱ्याने आवाज ऐकवणं ही किमान सभ्यता आहे. आणि परीक्षण करणाऱ्यांनी 'दुर्मीळ' हा शब्द किमतीच्या रकान्यात लिहावा, गुणांच्या रकान्यात लिहू नये.

माझ्या चार ओळी लिहून झाल्या आहेत. त्यांप्रमाणे बेस सिक्स माझा पहिला बेस होऊ शकत नाही, कारण काळी चारचा षड्ज त्याला पेलत नाही. दुसरा होऊ शकतो, वरच्या चार तारांसाठी, भावगीतांच्या अंतऱ्यांसाठी. म्हणून मी दुसऱ्या वाद्याची किंमत सांगितली आहे, आणि जाड तारांचा संच बसवून, ब्रिज दुरुस्त करून पुन्हा ऐकायची अट घातली आहे. गृहस्थ दुर्मीळपणाची किंमत मागतात, मी सुराची देतो. या दोन आकड्यांत अजून बरंच अंतर आहे. ते मिटेल किंवा मिटणार नाही. तोवर आमच्या गायिकेचा षड्ज माझ्या जुन्या चार तारांच्या बेसवर लागतो आहे. तो बेस शहरातल्या कुठल्याही दुकानात मिळतो, आणि म्हणून त्याची कुणी चौकशी करत नाही.